मक्याची मकचरीशी सोयरीक लावणारे वर्ध्याचे डॉ. खानखोजे

शेतकरी बंधूंनो, जनुक बदललेले खाण्याचे पीक आपल्या शिवारात यावे की नाही, हा वाद आता चावडीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. वांगे झाले, मोहरी झाली, मक्याचीही चर्चा होत असते. एक बाजू सांगते की फवारणी वाचेल, पीक हाती लागेल. दुसरी सांगते की बियाणे हातचे जाईल. दोन्हीकडची भाषणे तुम्ही ऐकलीच असतील, म्हणून आज भाषण नको. एका गृहस्थांची हकीकत वाचा. आपल्या खेड्यांत जनुक हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, त्या काळात त्यांनी रानटी गवताचे गुण पिकात उतरवले आणि तेही थेट मक्याच्या माहेरी जाऊन. माणूस आपल्या विदर्भातला, वर्ध्याचा. नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ चा. वडील वर्ध्याला अर्जनवीस होते. कोर्टकचेरीत येणाऱ्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि त्यावर घर चालवायचे. पांडुरंगाचे सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात, पुढचे नागपूरला झाले. हा मुलगा बारा-पंधरा वर्षांचा असताना मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ कोसळले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्याच्या घरात शेतकऱ्याची दैना काय असते ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यात टिळकांचे विचार कानावर पडले आणि इंग्रजाला घालवायचे हे पोराच्या मनाने घेतले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते घर सोडून निघाले. आधी जपान, मग अमेरिका. डोक्यात होते लष्करी शिक्षण, पण पोटासाठी आणि पदवीसाठी निवडली शेती. १९१३ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून ते शेतीशास्त्राचे पदवीधर झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी, त्यातही पंजाबी मजूर आणि शेतकऱ्यांनी, गदर पक्ष उभा केला. खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक. पहिले महायुद्ध पेटले तसे ते इराणात उतरले आणि बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत इंग्रजांविरुद्ध लढले. पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, १९२१ साली मॉस्को. एवढ्या भागावर एक अख्खा सिनेमा निघेल. पण हे पान शेतीचे आहे, तेव्हा आपण पुढे जाऊ.

लढाई तर संपली, पण देश काही मिळाला नाही. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव लागलेले, त्यामुळे घरी परतायची सोय नव्हती. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले. वय चाळीस, खिसा रिकामा, भाषा परकी. जवळ होते ते शेतीचे ज्ञान. बंदुकीसाठी घर सोडलेल्या माणसाला शेवटी नांगराने आधार दिला, असे म्हणायला हरकत नाही.

आता मेक्सिकोचे तेव्हाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. १९१० साली तिथे क्रांती झाली होती. मोठमोठ्या जमीनदारांच्या हजारो एकरांच्या वाड्या आणि त्यांवर राबणारे भूमिहीन, असा तो देश. झपाटा नावाच्या शेतकरी पुढाऱ्याने जमीन कसणाऱ्याला द्या म्हणून बंड केले आणि १९१९ साली त्याला दगा करून मारण्यात आले. पण मागणी मेली नाही. सरकारने जमिनी फोडून गावांना वाटायला सुरुवात केली. मेक्सिको शहराजवळ चापिंगो नावाची अशीच एक बडी जमीनदारी होती. ती सरकारजमा होऊन तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आले. खानखोजे तिथे वनस्पतिशास्त्र आणि पीक सुधारणा शिकवू लागले, अर्थातच स्पॅनिश भाषेतून.

चापिंगोच्या आसपासची खेडी म्हणजे मक्याचे राज्य. आपल्याकडे ज्वारीची भाकर तशी तिकडे मक्याची तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात उकडतात, वाटतात आणि पिठाच्या गोळ्याची चपाती थापून तव्यावर भाजतात. मका तरी किती तऱ्हेचा! पांढरा, पिवळा, निळा, तांबडा, काळपट. डोंगरावरचा वेगळा, खालच्या गरम मुलखातला वेगळा. देशी मक्याचे साठेक प्रकार शास्त्रज्ञांनी तिथे मोजले आहेत. त्या प्रत्येकाच्या पोटात गावागावाचे वाण निराळे. कारण उघड आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मका माणसाळला तो याच देशात, नैऋत्येकडच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात.

मका ज्याच्यापासून आला ते गवत तिथे आजही बांधाला आणि पडीत उगवते. तिकडे त्याला तेओसिंते म्हणतात. तुम्ही ते पाहिलेले असेल, कारण वैरणीसाठी आपण जी मकचरी लावतो ती याच जातकुळीतली. पान मक्यासारखे, फुटवे भरपूर, पण कणीस बोटभर आणि त्यात पाच-दहा-बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. खायला निरुपयोगी. मात्र काटक असे की कोरड्या सालातही तग धरते. मका हे लाडावलेले लेकरू, तर मकचरी ही उन्हातान्हात राबलेली आजी.

खानखोजे यांनी या आजीचे गुण नातवंडात आणायचे ठरवले. पाण्याचा ताण सोसणारा, रोगाला बळी न पडणारा, एका ताटाला जास्त कणसे देणारा मका त्यांना हवा होता. यासाठी मक्याचा आणि तेओसिंतेचा संकर त्यांनी घडवून आणला. वाचायला हे सोपे वाटते. पण ज्यांच्या शेतात बिजोत्पादनाचा प्लॉट आहे त्यांना विचारा. कणसाला केस फुटायच्या आत पिशवी बांधायची, तुऱ्याचे परागकण वेगळे गोळा करायचे, नेमक्या दिवशी ते केसांवर झटकायचे, पुन्हा पिशवी, चिठ्ठी, नोंद. एवढे करून पहिल्या पिढीत हाती येते ते अर्धवट कणीस. धड मका नाही, धड गवत नाही. ते पुन्हा मक्याशी जुळवायचे, त्यातली चांगली ताटे निवडायची, आणि असे हंगामामागून हंगाम. पन्नास गुण नको असलेले येतात तेव्हा एखादा हवा तो सापडतो. हे काम घाई करणाऱ्याचे नव्हे.

या कामातून नवे वाण निघाले. १९३० साली त्यांची माहिती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तीना मोदोत्ती या नावाजलेल्या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केले. पण मला विचाराल तर त्यांचे मोठे काम प्रयोगशाळेतले नव्हतेच. शेतकऱ्यांसाठी खुल्या शेतीशाळा काढण्याच्या चळवळीत ते पुढे होते. नुकती जमीन मिळालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या कुळांना बी कसे निवडावे, माती कशी राखावी हे तिथे शिकवले जाई. ज्याच्या शेतात पीक उभे राहणार त्याला त्याचे शास्त्र कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार. दिएगो रिव्हेरा हा त्या देशाचा सर्वांत मोठा भिंतीचित्रकार. मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर त्याने एक पंगत रंगवली आहे. त्या पंगतीत भाकरी मोडून वाटणारा माणूस म्हणून त्याने आपले खानखोजे बसवले आहेत. वर्ध्याच्या अर्जनवीसाचा मुलगा परमुलखात सरकारी भिंतीवर चढला, तो अन्नदाता म्हणून.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. खानखोजे ज्या वाणांवर काम करत होते, त्यांतले चांगले कणीस शेतकऱ्याने राखून ठेवावे आणि पुढच्या साली पेरावे अशीच तिथली रीत होती. त्याच काळात, १९२६ साली, अमेरिकेत हेन्री वॉलेस यांनी संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढली. उत्पादन वाढले यात शंका नाही, पण संकरिताचे बी दुसऱ्या साली फुटते, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घेणे आले. म्हणजे बियाणे दुकानात गेले ते जनुक बदलायच्या कितीतरी आधी. हे पाप सरसकट जीएमच्या माथी मारणे बरोबर नाही.

१९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जीन यांच्याशी लग्न केले. दोन मुली झाल्या. संसार मेक्सिकोत रमला, पण मन नागपूर-वर्ध्याकडे. देश स्वतंत्र झाला, तर यायला परवानगी मिळेना. कारण काय, तर इंग्रजांच्या वेळची काळी यादी अजून सरकारी कपाटात होती! ज्या राज्याविरुद्ध माणूस लढला ते राज्य गेले, पण त्याचा कागद तसाच राहिला. ग्रामपंचायतीत आणि तहसिलीत काम करणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. अखेर ती अडचण दूर झाली. मध्य प्रांताच्या शेतीधोरणाच्या कामासाठी ते आले आणि पुढे नागपुरातच स्थायिक झाले. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे भारतात आले, नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून तयार झालेले. त्या कामाची सुरुवातही चापिंगोच्या परिसरातूनच झाली होती. त्या वेळी चापिंगोचा हा जुना मास्तर नागपुरात होता. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

खानखोजे गेले आणि तीसेक वर्षांत मक्याची कथा वेगळ्या वळणाला लागली. संकरात नात्यागोत्यातल्या वनस्पतीच एकमेकींशी जुळतात आणि एका गुणासोबत हजारो जनुके येतात. जनुक अभियांत्रिकीत एखाददुसरे निवडलेले जनुक बाहेरून घालतात, मग ते कुठल्याही जिवाचे का असेना. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक, ते झाडात घातले की झाडच अळीला मारक प्रथिन तयार करते. १९९६ पासून अमेरिकेत असा मका पेरला जाऊ लागला. आज तिथल्या मक्याच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर जीएम वाण आहेत.

फायदा झाला का? झाला, आणि तो नाकारणे खोटेपणाचे ठरेल. खोड पोखरणारी अळी तिथल्या मका पट्ट्यात इतकी घटली की शेजारी साधा मका पेरणाऱ्यांनाही लाभ मिळाला. कणीस कमी पोखरले गेले की बुरशी कमी लागते आणि बुरशीचे विष दाण्यात कमी उतरते. खाणाऱ्याच्या आरोग्याचे म्हणाल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली उपलब्ध अभ्यास तपासले. मंजूर झालेली जीएम अन्ने साध्या अन्नापेक्षा जास्त धोक्याची असल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ते खाल्ले की नपुंसकत्व येते, असल्या अफवा गावात कुणी पसरवत असेल तर त्याला पुरावा विचारा.

पण तोच मका खानखोज्यांच्या चापिंगोत नेला तर हिशेब बदलतो. मक्याचा तुरा वर, कणीस खाली, आणि परागकण वाऱ्यावर. आपल्याकडे मक्याचे प्रमाणित बियाणे घ्यायचे तर दुसऱ्या मक्यापासून २०० मीटरचे अंतर राखावे लागते ते याचसाठी. अमेरिकेच्या शेतात शेजारी दुसरा कंपनीचाच मका असतो. मेक्सिकोत शेजारी असतो आजोबा-पणजोबांचा निळा मका, आणि बांधावर ती मकचरी. एकदा जनुक तिथे शिरले की परत बोलावता येत नाही. आणि नव्या रोगाला तोंड द्यायचे बळ जिथून मिळायचे तेच हे कोठार आहे. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा आला. बहुतेक संकरित वाण एकाच वंशाच्या मादीवर बांधलेले होते, म्हणून सुमारे १५ टक्के पीक बुडाले. तो मका जीएम नव्हता. सगळ्यांनी एकच पेरला, हा दोष होता.

मेक्सिकोने १९९८ साली जीएम मक्याची लागवड थांबवली. तरीही २००१ साली ओआहाका राज्यातल्या डोंगरी गावांच्या देशी मक्यात परके जनुक सापडल्याचे दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केले. बहुधा खायला म्हणून आणलेला अमेरिकेचा मका कुणीतरी पेरला असावा. त्या अभ्यासाच्या काही भागावर पुष्कळ टीका झाली. पण २००४ साली उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण सहकार्य आयोगाने चौकशी केली, तेव्हा जनुक पोचल्याचे मान्य झाले. आरोग्याला किंवा पर्यावरणाला इजा झाल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २०१३ साली तिथल्या कोर्टाने लागवडीच्या परवान्यांना स्थगिती दिली. पुढे सरकारने तोर्तियाच्या पिठात जीएम मका वापरायलाही बंदी केली. अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्यापार लवादाने निकाल दिला की या बंदीला शास्त्राचा पुरेसा आधार नाही. मग २०२५ साली मेक्सिकोने लागवडबंदी थेट राज्यघटनेत घातली. गंमत म्हणजे गुरांसाठी अमेरिकेचा जीएम मका त्या देशात बोटी भरभरून येतच असतो. माझे मत विचाराल तर पेरण्यावरची बंदी मला पटते, कारण ते मक्याचे माहेर आहे. खाण्यावरच्या बंदीचे कारण त्यांना पटवून देता आले नाही.

हा माहेरचा मुद्दा आपल्याकडे वांग्याला लागू पडला. वांगे हे आपल्याच भूमीचे पीक. जालन्याच्या महिको कंपनीने शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीविरुद्ध बीटी वांगे तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये तांत्रिक समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांची मते ऐकली, त्यांत नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी परवानगी रोखून धरली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र तेच तंत्र २०१३ साली मंजूर केले, पण सरकारी संस्थेच्या सरळ वाणांत घालून. तिथला शेतकरी बी राखून ठेवू शकतो. फवारणीचा खर्च जवळजवळ निम्म्याने घटला आणि विकण्याजोगे वांगे वाढले, असे तिथल्या पाहणीत दिसले. तंत्र एकच, पण बियाण्याची मालकी वेगळी. हा फरक खानखोज्यांच्या शेतीशाळेत बसलेल्या कुळाला लगेच समजला असता.

धोक्याचा दुसरा धडा आपण कापसावर शिकलो. बीटी कापूस २००२ साली आला, सुरुवातीची वर्षे बोंडअळी हटली. पिशवीसोबत बिगर-बीटीची छोटी पुडी असायची, ती बांधाने लावायची होती, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये. किती जणांनी लावली, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आता तणनाशक सहन करणारे चोर बीटी बिनपावतीचे विकले जाते. उगवले नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे काय ठेवणार? पावतीच नाही.

मोहरीच्या बाबतीत २०२२ साली केंद्राने जीएम वाणाला पर्यावरणात सोडण्याची परवानगी दिली. २३ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर वेगवेगळा निकाल दिला. मात्र जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण ठरवावे आणि त्याआधी शेतकरी प्रतिनिधींसह सर्वांशी विचारविनिमय करावा, यावर दोघांचे एकमत झाले. ग्रामसभेत हा विषय निघाला तर तुम्ही प्रत्येक पिकाचा वेगळा विचार मांडा. या पिकाचे परागकण किती दूर जातात, शेजारी त्याचे रानटी नातेवाईक आहेत का, बी घरी राखता येईल का आणि अळी सरावली तर पुढे काय, हे प्रश्न ठरावात लिहून घ्या. ग्रामसेवकांनी ठरावाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोचवावी.

चापिंगोच्या विद्यापीठात सप्टेंबर २०२२ मध्ये खानखोजे यांचा पुतळा बसवण्यात आला. लोकसभेचे अध्यक्ष त्यासाठी मेक्सिकोला गेले होते.